खळ वाळेपर्यंत

एका राज्यात नीलध्वज नावाचा राजा होता. राज्यात पाणी होतं, पीक होतं, आणि राजवाड्याच्या देवघरात एक वही होती. वही साधीसुधी नव्हे, सटवाईची. मूल जन्मलं की सहाव्या दिवशी सटवाई येते आणि कपाळावर लेख लिहून जाते, हे आपण सगळे जाणतो. त्या राज्यात ती जाता जाता वहीतही लिहून जाई. मुलाचं नाव आणि त्याच्या आईचं नाव, एवढंच. लिहिताना ती कोणाला दिसत नसे. सकाळी वही उघडावी तर शाई ओली.

वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीच्या दिवशी, वहीला ऊन दाखवीत. अंगणात पांढरं धोतर अंथरायचं, त्यावर वही उघडी ठेवायची, कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या जुन्या कांड्या काढून नव्या घालायच्या. ऊन उतरलं की वही पुन्हा फडक्यात.

त्याच राज्यात, काळ्या डोंगराच्या गुहेत, एक जादूगार राहत होता. त्याच्याजवळ सोन्याची रास होती, रत्नांचे रांजण होते, आणि एक भीतीही होती. त्याला मरायचं नव्हतं. त्यानं ऐकलं होतं की यम माणसाला शोधतो तो ह्याच वहीत नाव वाचून. मग एका आखाजीला भर दुपारी तो वावटळ होऊन अंगणात आला आणि त्यानं आपल्या नावाचं पान टर्रकन फाडून नेलं.

आता, वह्या शिवणाऱ्याला जे ठाऊक असतं ते एवढ्या मोठ्या जादूगाराला ठाऊक नव्हतं. वहीतलं पान एकटं नसतं. कागदाचा एक ताव मधे दुमडला की त्याची दोन पानं होतात, आणि दुमडीवर शिवण बसते. एक पान फाडलं की पलीकडचं, त्याचं जोडीचं पान, आपोआप सुटतं. ते सुटलं, आणि वाऱ्यावर फडफडू लागलं.

वहीतून आवाज आला, "ज्यांची नावं ह्या सुटल्या पानावर आहेत, त्यांना त्यांची माणसं विसरतील. एका तपाच्या आत दोन्ही पानं जोडली नाहीत, तर ती माणसं स्वतःलाही विसरतील."

राजानं सुटलं पान उचलून वहीत जपून ठेवलं. त्यावर एकवीस नावं होती. राजानं ती वाचली, पण एकही ओळखीचं वाटलं नाही. त्यातलं एक त्याच्या आईचं होतं. ती माउली त्या दिवसापासून राजवाड्याच्या मुदपाकखान्यात भाकऱ्या थापू लागली, आणि राजा जेवताना म्हणू लागला, "ही नवी बाई भाकरी बरी करते हो."

दुसरं एक नाव होतं सारजेचं.

सारजेचा नवरा कोंडाजी. गावाच्या टोकाला त्यांचं दोन खणांचं घर. कोंडाजी फाटक्या पोथ्या, वह्या, ग्रंथ घरीच दुरुस्त करी. ओसरीवर त्याचं सगळं बिऱ्हाड मांडलेलं असे: दाभण, हाडाची पट्टी, पानं चिकटवायच्या खळीचं मडकं, आणि दुरुस्त केलेली पोथी दाबून ठेवायला जात्याचा वरचा दगड. तो फाटलेलं सांधी, ती सुटलेलं शिवी. कोंडाजीला अक्षर येत नव्हतं. पण पानावर बोट फिरवलं की हे पान उन्हात तापलं, हे भिजलं, ह्याच्यावर कोणी रडलं, एवढं त्याला कळे. सुई मात्र त्याला कधी सापडत नसे. दिवसातून दहा वेळा तो हाक मारी, "सारजे, सुई कुठं ठेवलीस?" आणि ती आतून म्हणे, "मेणाच्या गोळ्यात, दिवळीत. रोज तिथंच असते."

त्या आखाजीला सारजा पाण्याला गेली होती. घागर घेऊन आली, तर ओसरीवरचा नवरा उठून उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला, "या बाई. कोणाकडे आलात?"

सारजेनं घागर खाली ठेवली. त्याला सगळं सांगितलं. तो डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिला, म्हणाला, "असं कसं झालं माझ्या हातून?" आणि दिवेलागणीला पुन्हा विचारू लागला, "तुम्ही कोण?" तीन दिवस तिनं सांगून पाहिलं. तिन्ही दिवस तसंच झालं. चौथ्या दिवसापासून तिनं सांगणं सोडलं. शेजारच्या पडक्या गोठ्यात चूल मांडली आणि सकाळी ओसरीशी येऊन म्हणाली, "मी सुईत दोरा ओवून देईन, पानं शिवून देईन. दोन वेळच्या भाकरीला पीठ द्या."

"बरं झालं," कोंडाजी म्हणाला. "मला हल्ली सुई सापडतच नाही."

"दिवळीत आहे. मेणाच्या गोळ्यात."

"तुम्हाला हो कसं ठाऊक?"

"शिवणाऱ्या बायका तिथंच ठेवतात," ती म्हणाली.

असं करता करता बारा वर्षं होत आली. जुनं नातं पुसलं होतं, पण शिवणारी म्हणून ती त्याच्या लक्षात राहिली. ती रोज येई, रोज शिवी. एकदा कोंडाजीनं विचारलं, "बाई, तुम्ही मला 'अहो' का म्हणता?" तर म्हणाली, "सवय आहे." त्यानंतर त्यानं विचारलं नाही. पण एखाद्या दिवशी तिला यायला उशीर झाला, तर तो उगाच तीनदा रस्त्यावर जाऊन येई, आणि कोणी पाहिलं तर म्हणे, "वारा कुठला आहे ते बघत होतो."

तप पुरं व्हायला पंधरा दिवस उरले, तेव्हा राजानं दवंडी पिटली. मोठमोठे कारागीर येऊन हरले होते. कोणी सोन्याची तार आणली, कोणी रेशमाची पट्टी. जोडीचं पानच नाही, तर जोडणार काय?

दवंडी ऐकून सारजा म्हणाली, "अहो, तुम्ही का जात नाही?"

"मला वाचता येत नाही, बाई."

"वाचायचं नाहीच. सांधायचंय."

कोंडाजी तिच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी तिनं सुई घेण्यासाठी दिवळीत हात घातला होता, मग कोनाड्यात, मग फळीवर, आणि तिला सुई सापडली नव्हती. बारा वर्षांत पहिल्यांदा. ती घाबरून हसली होती. ते हसू त्याच्या मनात टोचून राहिलं होतं. का, ते त्याला कळत नव्हतं. पण तो उठला आणि त्यानं पागोटं बांधलं.

राजा म्हणाला, "कोंडाजी, इथंच राहा. दालन देतो, नोकर देतो."

कोंडाजी म्हणाला, "महाराज, वही घरी न्यावी लागेल. माझा दगड घरी आहे. माझी शिवणारीही घरी आहे."

"आणि हरवली तर?"

"माझ्या घरी कागद हरवत नाही. फक्त सुई हरवते."

राजाला हसू आलं, आणि वही फडक्यात बांधून मिळाली.

कोंडाजीच्या परसात उंबराचं झाड होतं. त्यावर पान शिवून घरटं करणारी शिंपीण राहत होती, अंगठ्याएवढं चिमणं पाखरू. बारा वर्षं ती ह्या दोघांचं शिवणं वरून बघत होती. वही ओसरीवर आली तशी ती खालच्या फांदीवर उतरली आणि बोलू लागली.

"म्हाताऱ्या, तुझे टाके लांब पडतात. बाईचे बरे पडतात. पण साध्या कागदानं आणि साध्या दोऱ्यानं ही वही शिवली जायची नाही."

"मग कशानं जाईल?"

"तीन गोष्टी लागतील. सांधायला असा कागद, ज्यावर सटवाईचा हात फिरला आहे पण अक्षर नाही. शिवायला अशा वस्त्राचं सूत, की जे देणारा विसरला आहे आणि नेसणारी विसरलेली नाही. आणि तिसरं, फाटलेलं पान, ज्यानं नेलं त्यानं आपल्या हातानं दिलेलं."

"आणि खळ?" सारजेनं विचारलं.

"खळ तुमची तुम्ही करा. बारा वर्षं बघते आहे, खळीत खोट नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. पहिल्या गावात एका झोपडीत सात दिवसांचं बाळ होतं. आदल्या दिवशी त्याची सहावी झाली होती. रीतीप्रमाणे उशाशी ठेवलेला कोरा कागद आणि लेखणी अजून पाटावरच होती. कोंडाजीनं कागद मागितला, तशी बाळंतीण कागद छातीशी धरून म्हणाली, "नाही देणार, बाबा. ह्यात माझ्या लेकराचं नशीब आहे. दिसत नाही म्हणून काय झालं?"

"खरं आहे, पोरी," कोंडाजी म्हणाला. "पण कोणतंही लिहिणारं माणूस कडेला चार बोटं जागा सोडतं. सटवाईही सोडत असेल. मला तेवढा समास दे. दोन बोटांची पट्टी पुरे. नशीब तुझ्याकडेच राहील."

बाळंतिणीनं विचार केला. मग सारजेला विचारलं, "मावशे, हे म्हातारबाबा खरं बोलतात का?"

सारजा म्हणाली, "चाळीस वर्षांत खोटं बोललेले मी ऐकले नाहीत."

कोंडाजी चमकून म्हणाला, "चाळीस? बाई, तुम्ही येऊन तर बारा वर्षं झाली."

"मोजण्यात चुकले असेन," सारजा म्हणाली. आणि बाळंतिणीनं कागदाची कड हळूच कापून दिली.

पुढे वाटेत एका विहिरीपाशी दोघं टेकली. कोंडाजी म्हणाला, "आता ते सूत. देणारा विसरला, नेसणारी विसरली नाही. असली बाई कुठं शोधायची?"

सारजेनं आपल्या विटक्या हिरव्या लुगड्याचा काठ मांडीवर घेतला आणि सुईच्या टोकानं एकेक सूत उकलू लागली. लांबच लांब सूत निघालं. तिनं ते मेणावरून ओढलं आणि बोटाला गुंडाळलं.

"हे चालेल?"

"कोणी दिलं होतं हे लुगडं?"

"एका माणसानं. पहिली पोथी सांधली तेव्हा बाजारातून आणलं होतं. रंग पुसून बघितला नाही, पहिल्याच धुण्यात सगळं घर हिरवं झालं."

"वेंधळाच दिसतो."

"आहेच," सारजा म्हणाली. "पण मनानं फार चांगला."

"मग विसरला कसा?" कोंडाजीनं जरा रागानं विचारलं. "अशी बाई कोणी विसरतं का?"

सारजेनं लुगड्याचा काठ नीट केला आणि उठली. "चला. ऊन चढतंय."

काळ्या डोंगराच्या गुहेत सोनं दारापर्यंत सांडलेलं होतं. जो कोणी त्यातली एक मोहोर उचली, त्याचा हात मनगटापर्यंत सोन्याचा होई आणि मग त्या हातानं घास उचलता येत नसे. असे तिघेचौघे वाटेत बसलेले दिसले. त्यांना त्यांचे सोबती भरवीत होते. कोंडाजीनं सोन्यातून वाट काढताना पाय झटकले, जसे दाराशी चिखलाचे झटकतात तसे, आणि आत गेला.

आत जादूगार बसला होता. त्याच्या दाढीवर धूळ होती. तो म्हणाला, "काय हवं?"

"एक फाटकं पान."

"सोनं घे. वाटेल तेवढं घे. शाप काढून देतो."

"सोन्यानं कागद चिकटत नाही, बाबा. पान दे."

"ते दिलं तर यम मला शोधील."

"शोधील खरा," कोंडाजी म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "तुझं नाव काय?"

जादूगारानं कनवटीला हात लावला. मग म्हणाला, "पान फाडलं त्या दिवसापासून कोणाच्या तोंडी माझं नाव टिकत नाही. मी गावात गेलो, नाव सांगितलं, माझ्यासमोर ते विसरले. आरशात बघून मी स्वतःला हाक मारतो, तीही अर्ध्यात राहते. यमाला मी सापडत नाही. पण दुसऱ्या कोणालाही सापडत नाही." त्यानं कनवटीचं पान काढलं. घडी घालून घालून ते चारी ठिकाणी उसवलं होतं. "हे बघ. मीच वाचतो, म्हणून उरलं आहे."

सारजा पुढे झाली आणि त्याच्याजवळ बसली. म्हणाली, "बाबा, मला कळतं ते. मी तुमच्या जोडीच्या पानावर आहे."

जादूगारानं तिच्याकडे पाहिलं. त्याला लाज वाटली. एवढ्या वर्षांत त्याला वाटलं होतं की आपण फक्त आपलं पान नेलं. त्यानं पान तिच्या ओंजळीत ठेवलं. गुहेबाहेर तिघाचौघांचे हात पुन्हा मातीच्या रंगाचे झाले.

"मला तुमच्याबरोबर येऊ द्या," तो म्हणाला. "माझं नाव कोणी मोठ्यानं वाचलं, तर मला ऐकायचं आहे."

घरी पोचले तेव्हा आखाजीला तीन दिवस उरले होते. सारजेनं तांदळाच्या पिठाची खळ शिजवली, गुठळी होऊ न देता. कसर धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातला. कोंडाजीनं जादूगाराच्या पानाच्या चार घड्या ओल्या बोटानं सरळ केल्या. दोन पानं शेजारी ठेवली, मधे समासाची पट्टी बसवली, हाडाच्या पट्टीनं दाबत नेली. सारजेनं हिरव्या सुतानं दुमडीवर टाके घातले. शेवटचा टाका घालून ती थांबली, हातातल्या सुईकडे बघितलं आणि विचारलं, "ही कुठं ठेवायची असते?"

कोंडाजीनं तिच्या हातून सुई घेतली आणि मेणाच्या गोळ्यात खोचली. वहीवर जात्याचा दगड ठेवला. "आता तीन दिवस उघडायची नाही. ओली उघडली तर शाई समोरच्या पानावर उमटेल आणि नावं एकमेकांत मिसळतील."

पहिल्या दिवशी राजाचा शिपाई आला. "महाराज म्हणतात, उघडा."

"खळ ओली आहे."

दुसऱ्या दिवशी प्रधान आला. "महाराजांची आज्ञा आहे."

"खळीला आज्ञा कळत नाही, प्रधानजी."

त्या दिवशी सारजेनं त्याला 'अहो' म्हटलं नाही. 'बाबा' म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात उंबराखाली उभी राहिली आणि घर कुठलं आपलं, हे तिला आठवेना. गोठ्याकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. कोंडाजीनं तिला हाताला धरून ओसरीवर बसवलं. "बाई, तुमचं नाव काय?" त्यानं विचारलं. बारा वर्षांत त्यानं ते कधी विचारलं नव्हतं.

तिनं तोंड उघडलं, मिटलं. "आत्ता होतं," ती म्हणाली.

कोंडाजीचा हात दगडाकडे गेला. वही उघडावी, असं त्याला वाटलं. ह्या परक्या बाईसाठी आपला जीव का तुटतो, तेही त्याला कळेना. पण साठ वर्षं ह्याच हातांनी खळ लावली होती. त्यानं कडेला बोट लावून बघितलं. थंड लागलं. थंड म्हणजे आत ओल. त्यानं हात मागे घेतला आणि सारजेचा हात आपल्या हातात धरून बसून राहिला.

तेवढ्यात प्रधानाला घेऊन स्वतः राजा आला. "कोंडाजी, उद्या दुपारी तप संपतं."

"ठाऊक आहे, महाराज. पण वरची कड उचलते आहे. दगड कमी पडतोय. वजन हवं."

"आणखी दगड मागवतो."

"नुसत्या दगडानं सारखा दाब बसत नाही, महाराज. माणूस बसला तर बसतो. तुम्ही बसता का?"

प्रधानानं कपाळाला हात लावला. राजानं मुकुट काढून खुंटीला अडकवला आणि तो जात्याच्या दगडावर मांडी घालून बसला. तिथंच जेवला. राजवाड्यातून आलेली भाकरी मोडताना म्हणाला, "ही भाकरी खाल्ली की मला रडू येतं. का येतं, कोण जाणे." जादूगार दाराशी बसून सगळं बघत होता. शिंपीण वरून म्हणाली, "राजा, हलू नकोस."

आखाजीचं ऊन डोक्यावर आलं. कोंडाजीनं कडेला बोट लावलं. कड कोमट लागली. तो म्हणाला, "आता उठा, महाराज."

अंगणात पांढरं धोतर अंथरलं. वही त्यावर ठेवून कोंडाजीनं हळूच उघडली. पान नव्या बिजागरीसारखं वळलं. शाई जागच्या जागी होती.

राजा वही हातात घेऊन मोठ्यानं वाचू लागला. आधी जादूगाराचं पान आलं. त्यावर एकच नाव होतं. "दामू, वेणूचा."

दाराशी बसलेला म्हातारा ताठ झाला. "हो," तो म्हणाला, शाळेतल्या पोरासारखा. कोंडाजी म्हणाला, "दामू, पाणी घे." दामू पाणी प्यायला, भांडं नीट पालथं ठेवलं. फाटकाशी एक काळासावळा पाहुणा येऊन उभा होता, घाई न करता. दामू उठला, सगळ्यांना हात जोडले आणि त्याच्याबरोबर गप्पा मारीत निघून गेला.

राजानं जोडीचं पान वाचायला घेतलं. तिसरं नाव वाचताना त्याचा आवाज थांबला. ते त्याच्या आईचं होतं. तो मुकुट खुंटीवरच विसरला आणि अनवाणी राजवाड्याकडे पळत सुटला, मुदपाकखान्याच्या दारानं. त्याच्या हातची वही प्रधानानं धरली. प्रधान पुढची नावं वाचू लागला, आणि गावोगाव माणसं हातातली कामं टाकून उठली, दारं उघडली, अंगणात उभ्या असलेल्या माणसांना आत घेतलं.

सातवं नाव आलं. "सारजा, गिरजेची."

ओसरीवर बसलेल्या बाईनं मान वर केली. कोंडाजी अंगणात पाठमोरा होता. तो वळला नाही. त्याचे खांदे हलत होते. बारा वर्षांच्या सगळ्या सकाळी त्याला एकदम आठवल्या होत्या, गोठ्यातल्या चुलीच्या धुरासकट.

मग उंबराची पानं हलली, शिंपीण गप्प बसली, आणि त्या राज्यात सगळ्यांची पानं जागेवर बसली, तशी ऐकणाऱ्यांचीही बसोत.

कोंडाजीनं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि हाक मारली, "सारजे, सुई कुठं ठेवलीस?"